द्राक्षाच्या शेडमधली लाल गाडी

थंडी वाढली की नाशिकच्या पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर येतो. बाकीचे तालुके आतल्या पानांत गुपचूप कुडकुडतात. निफाडकडच्या माणसांना या गोष्टीचा कोण अभिमान! घरातलं पोर बोर्डात पहिलं आल्यासारखं ते सांगतात, "आमच्याकडं पहाटं दव गोठलं, राव!" आणि सांगता सांगता मफलर सैल करतात, जणू थंडी त्यांच्या घरचीच आहे, तिचं त्यांना काय वाटायचं?

मग थंडी उतरणीला लागते आणि नाशिकरोडच्या चौकात हातगाड्यांवर द्राक्षं दिसू लागतात. दुकानात जाताना मी रोज एक वेगळी हातगाडी निवडतो. गंभीर चेहऱ्याने उभा राहतो, एक घड उजेडाकडे धरतो, चार मणी तोंडात टाकतो, डोळे मिटतो आणि "अजून साखर भरायची आहे" असा निकाल देऊन पुढे जातो. बायको म्हणते, ही चोरी आहे. मी म्हणतो, ही तपासणी आहे.

परवा यंदाच्या हंगामातला पहिला मणी असाच दाताखाली फुटला आणि मी हातगाडीपाशी उभ्या उभ्या हसायला लागलो. हातगाडीवाला म्हणाला, "काय झालं काका, आंबट लागलं का?" त्याला काय सांगणार? लोकांना द्राक्षाच्या चवीबरोबर काय आठवत असेल ते असो, मला शिळं पेट्रोल आठवतं, गंज आठवतो, आणि गाडीच्या इंजिनातून चिमट्याने ओढून काढलेली झेंडूची एक पाकळी आठवते.

त्या वर्षी माझ्या बायकोची, वैशालीची, बदली पेठ तालुक्यातल्या एका शाळेत झाली. ती शिक्षिका. माझं नाशिकरोडला चष्म्याचं दुकान. लोकांना लांबचं स्पष्ट दिसावं, यावर माझं घर चालतं. पण बदलीचा आदेश हातात पडेपर्यंत पेठ किती लांब आहे हे मला स्वतःला दिसलं नव्हतं.

उजाडायच्या आधी रिक्षा. मग बस. मग घाट. पेठच्या स्टँडवर उतरून शेअर जीप, आणि बाजाराचा दिवस असला तर जीपमध्ये शेजारणीची कोंबडी हिच्या मांडीवर. शेवटी शाळेपर्यंत पायी. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, फक्त कोंबडी विकली गेलेली असायची. पावसाळा तिने हसत काढला. घाटातलं धुकं, भाताची हिरवी खाचरं, वर्गातल्या पोरींनी दप्तरातून आणलेली रानफुलं, सगळं मला रोज रंगवून सांगायची. दिवाळीनंतर अंधार लवकर पडायला लागला तसं सांगणं कमी झालं. एकदा जेवताना ती एकदम गप्प झाली म्हणून मी वर पाहिलं, तर भाकरीचा तुकडा हातात धरून तिला बसल्या जागी झोप लागली होती.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "पेठला एक खोली बघून आलेय. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहीन म्हणते. मालकीणबाई चांगल्या आहेत. महिनाभर खोली धरून ठेवते म्हणाल्यात."

मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. म्हणजे आता घरात मी आणि कुकर. पण मी हौशी नाटकांत उगीच नाही आयुष्य घालवलं. मी टाळी वाजवून म्हणालो, "वा! उत्तम! तुझी दगदग वाचेल!"

वैशाली म्हणाली, "इतकं आनंदानं नव्हतं म्हणायचं."

त्या रात्री मी मनाशी ठरवलं, गाडी घ्यायची. वैशालीला गाडी येते, माझ्यापेक्षा चांगली येते. माहेरी तिने जीप हाकलेली आहे. प्रश्न एवढाच होता की मुलीची फी भरून झाल्यावर आमच्या खिशाला झेपतील अशा सगळ्या गाड्यांचा एकच समान गुण होता. त्या चालत नसत.

तो महिना आठवला की अजून गंमत वाटते. वधूसंशोधनाला निघाल्यासारखे आम्ही रविवारी गाड्या बघायला जायचो. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, मग यजमान आम्हाला अंगणात न्यायचे. सिन्नरला एका गाडीचं मागचं दार मी उघडलं तर ते माझ्या हातातच आलं. मालक जराही न गडबडता म्हणाले, "ते असंच काढून ठेवता येतं. सामान भरायला सोयीचं पडतं." पंचवटीतल्या एका गृहस्थांनी बॉनेट उघडायलाच नकार दिला. "तुम्ही बसणार आत. पुढं बघून काय करणार?" आणि आजवर मी पाहिलेली प्रत्येक जुनी गाडी पूर्वी एका डॉक्टरची होती. हे सगळे डॉक्टर गाड्या इतक्या भरभर का विकतात, आणि मग रुग्णांकडे पोचतात कसे, हे मला कळलेलं नाही.

या सगळ्या मोहिमांत माझ्याबरोबर सुभाष असायचा. सुभाष माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गाडीचा प्रत्येक भाग गेलेला आहे अशी त्याची श्रद्धा आहे. महिना संपत आला तेव्हा तोच धावत माझ्या दुकानात आला.

"निफाडच्या पुढे एका बागायतदाराकडे लाल गाडी आहे. छोटी, पेट्रोलवरची. घरात वापरलेली. भंगारापेक्षा थोडी वर किंमत सांगतोय. फक्त सुरू होत नाही."

"फक्त?"

"अरे, फक्त म्हणजे फक्त."

रविवारी सकाळी सुभाषच्या व्हॅनमधून आम्ही तिघं निघालो. मागे चार्ज केलेली बॅटरी, प्लगचा एक नवा संच आणि कॅनमध्ये ताजं पेट्रोल. वाटेत मी दोघांना नाटक समजावून सांगितलं. सुभाषने बॉनेट उघडलं की "अरेरे" म्हणायचं. त्यावर मी कपाळाला हात लावायचा. मग वैशालीने "जाऊ द्या, आपण दुसरीकडे बघू" म्हणत दोन पावलं निघून जायचं.

"मी असलं काही करणार नाही," वैशाली म्हणाली.

"बरं, तू नुसती गप्प राहा."

"ते जमतं का बघते."

निफाड ओलांडलं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. मांडवाखालून ऊन गाळून आल्यासारखं हिरवं दिसत होतं. औषध फवारल्याचा गंधकासारखा वास होता, आणि त्याखाली पिकत आलेल्या फळाचा गोड वास. बागायतदार दिगंबरनाना शेडच्या दाराशीच उभे होते. डोक्यावर टोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर. शेडमध्ये रिकाम्या क्रेटची थप्पी छतापर्यंत लागलेली आणि तिच्या कुशीत ताडपत्रीखाली ती लाल गाडी.

"गाडी एक नंबर हे," नाना म्हणाले. "बोलत नाय एवढंच. उद्यापास्नं माल काढायला घेतोय. हिला हलवली का मला क्रेट मांडायला जागा हुईल."

नानांनी ताडपत्री ओढली आणि सुभाष मोठ्याने म्हणाला, "अरेरे!"

बॉनेट अजून उघडायचं होतं. मी डोळ्यांनी खुणावलं, पण वाक्य निघून गेलं होतं. नाना चमकून बघायला लागले. सुभाषने सावरून घेतलं, "धूळ किती बसलीये, अरेरे."

खरं सांगायचं तर धूळ सोडली तर गाडी छान होती. पत्रा धड, टायर धड, आतल्या खुर्च्यांवर अजून प्लॅस्टिक. आरशाला वाळलेल्या झेंडूचा हार. बॉनेट उघडलं तर आत इंजिनावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, वाळून कोळ झालेली.

"बंद कधी पडली?" मी विचारलं.

नाना शेडच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "झालं असंल दसऱ्याच्या आसपास."

"मेस्तरीला दाखवली?"

"दोन आले. पण म्हणलं, कुंकवाला हात लावायचा नाय. जे काय सांगायचं ते लांबनं सांगा. एक म्हणला, पंप गेला. दुसरा म्हणला, काम्प्युटर गेला. मग मी म्हणलं, आता गाडीबी जाऊ द्या."

सुभाषने जुनी बॅटरी काढून आमची जोडली, कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि किल्ली फिरवली. खर्र, खर्र, खर्र, खर्र. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. पुन्हा खर्र, खर्र. शेडभर शिळ्या पेट्रोलचा वास पसरला. सुभाष म्हणाला, "पंप." पुन्हा किल्ली. "पंपच." पुन्हा किल्ली. "पंप आणि काम्प्युटर." दर वेळी ती खरखर थोडी थकत चालली होती, आणि दर खरखरीबरोबर मला पेठची ती खोली जवळ येताना दिसत होती. तिची खिडकी, तिची कडी, तिथे एकट्यासाठी मांडलेला स्टोव्ह. माझं नाटक मी केव्हाच विसरलो होतो. मी खरोखरच कपाळाला हात लावून उभा होतो.

तेवढ्यात नानांच्या पत्नी, ताराकाकू, चहाचा ट्रे घेऊन आल्या. कप हातात देत त्या वैशालीला म्हणाल्या, "मी तवाच म्हणले होते, लय लाड करू नका तिचे. पण माझ्या मेलीचं कोण ऐकतं? न्हाऊ घातली ह्यांनी तिला."

"तू गप गं," नाना पुटपुटले.

"न्हाऊ घातली म्हणजे?" वैशालीने विचारलं.

मग ते सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला त्यांच्याकडे शेतातली सगळी अवजारं धुऊन पूजतात. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, कात्र्या, सगळं. त्या वर्षी छाटणी मनासारखी झाली होती, नाना खुशीत होते. ट्रॅक्टर त्यांनी फवारणीच्या गनने धुतला, एवढ्या जोराच्या पाण्याने की चिखलाचे पापुद्रे उडाले. मग त्यांचं लक्ष या लाल गाडीकडे गेलं. बाहेरून तर सगळेच धुतात, म्हणाले. देवीसमोर न्यायची ती आतूनही स्वच्छ पाहिजे. आणि बॉनेट उघडून त्यांनी ती गन इंजिनावर धरली. मनापासून धरली. फटीफटीत, कानाकोपऱ्यात.

"मग कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हार घातला," काकू म्हणाल्या. "गावच्या देवीला दाखवायला न्यायची म्हणून सुरू केली. दोनदा खोकली आन् त्या दाराच्या तोरणाखाली मुकी झाली. ती झालीच."

नाना एका उपड्या क्रेटवर बसले. एवढा मोठा माणूस, पण आवाज खाली गेला. "पूजेच्याच दिवशी हो. तवापास्नं मनात टोचतंय. काय चुकलं आपलं? बाग तोंडाशी आलीय. एक गारांचा पाऊस आला का वर्ष गेलं. म्हणून म्हणलं, दारात नको ही. कुणीबी न्या."

आता माझ्यातला दिग्दर्शक जागा झाला. म्हणजे गाडीला काही झालेलंच नाही! नुसतं पाणी! हे फक्त आपल्याला कळलंय, नानांना नाही. आता तोंड पाडून गप्प उभं राहायचं, ठरलेल्या किमतीला गाडी दोरीने बांधून न्यायची, आणि निफाड ओलांडल्यावर नाचायचं. मी वैशालीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडत होतं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"अहो, पाय कशाला देताय?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. वर्गातल्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो तो तिचा आवाज. "नाना, तुमचं काही चुकलं नाही आणि देवीही रागावली नाही. इंजिनात पाणी गेलंय. पेट्रोल येतंय, वास येतोय बघा. ठिणगी पडत नाहीये. ते पाणी पुसून काढायला पाहिजे होतं, ते कुणी पुसलं नाही, त्याला गंज चढला. बहुतेक एवढंच आहे."

बाहेर कुठेतरी कात्रीची कचकच तेवढी ऐकू येत होती. सुभाष माझ्याकडे बघत होता, मी गाडीकडे बघत होतो. गेली, मी मनात म्हटलं. एवढी धड गाडी ही किंमत घेऊन आता कोण देईल?

"उघडल्याशिवाय खात्री नाही," वैशाली पुढे म्हणाली. "पण कुंकवाला हात लावावा लागेल. काकू, तुम्हीच पुसता का?"

ताराकाकूंनी पदराचं टोक ओलं केलं आणि इंजिनावरचं कुंकू हळूच पुसून घेतलं. पदराला आलेलं ते कुंकू त्यांनी आधी स्वतःच्या कपाळाला लावलं, मग वैशालीच्या. मी मान पुढे केली, तर म्हणाल्या, "तुम्ही थांबा. तुम्ही पाय देत व्हता."

मग कामाला लागलो. सुभाषने प्लग बाहेर काढले. प्लग ज्या खोल भोकांत बसतात त्या भोकांत पाणी साठून तांबडा गंज झाला होता, आणि त्या गंजात अक्षतांचे दाणे. एका भोकाच्या तळाशी काहीतरी चिकटलं होतं. माझ्या शर्टाच्या खिशात चष्मे दुरुस्तीचा बारीक चिमटा कायम असतो. मी तो आत घातला आणि हळूच बाहेर काढला. झेंडूची पाकळी. वाळून कागदासारखी झालेली, पण रंग अजून तोच. मग ठिणगी वाटून प्रत्येक प्लगला पोचवणाऱ्या डब्याची टोपी उघडली. त्या डब्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. आत हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा थर. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने मी ती टोपी आतून पुसली, फुंकर मारली, उजेडाकडे धरली, पुन्हा पुसली. इतकी निगा मी आजवर कुणा गिऱ्हाइकाच्या चष्म्याचीही राखली नसेल. सुभाष नवे प्लग बसवत होता आणि बसवता बसवता म्हणत होता, "तरी पंप बदललेला बरा."

पण सुभाषच्या खरखरीत आमच्या बॅटरीने जीव टाकला होता. किल्ली फिरवली तर नुसतं टक झालं. ट्रॅक्टर बागेत, व्हॅनच्या बॅटरीला जोडायची केबल सुभाष दुकानात विसरलेला. "धक्का मारू," नाना म्हणाले आणि त्यांनी बागेच्या दिशेने हाक घातली.

मांडवाखालून बाया बाहेर आल्या. हातात कात्र्या, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं हंगामात निफाडच्या बागांत कामाला येतात, तशा आलेल्या. त्यातली एक वैशालीकडे बघत थांबली. मग चालत अगदी जवळ आली.

"बाई? तुमी हिकडं कुठं?"

"अगं सोमीबाई!" वैशाली म्हणाली.

सोमीबाईची मुलगी येणू वैशालीच्या वर्गात होती. आई-वडील बागेवर आले की कित्येक मुलं त्यांच्याबरोबर निघून जातात आणि वर्ग ओस पडतो, हे वैशाली मला गेले काही दिवस सांगत होती. येणू मात्र आजीपाशी मागे राहिलेली.

"माजी येणू येते ना शाळंत?"

"रोज येते. पहिल्या बाकावर बसते. पाढे पाठ झालेत तिचे."

सोमीबाईने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "तिला सांगा, आय आठवण काढते. आन् ही गाडी कुणाची?"

"घ्यायची म्हणतेय. शाळेत यायला. नाहीतर रोजचं येणं-जाणं काही जमत नाही आता."

सोमीबाईने पदर खोचला. मागे वळून बाकीच्या बायांना म्हणाली, "बाईंची गाडी हाय. लावा जोर." आणि कात्र्या क्रेटवर ठेवल्या गेल्या.

वैशाली चाकामागे बसली. मी, सुभाष, नाना आणि त्या सगळ्या बाया मागे. शेडमधून गाडी उजेडात आली तेव्हा तिचा लाल रंग डोळ्यांत भरला. "दुसरा गिअर टाक!" मी ओरडलो. "मला माहितीये!" आतून उत्तर आलं. गाडी वेग घ्यायला लागली, वैशालीने क्लच सोडला, गाडी उचकी लागल्यासारखी हादरली, मागून काळा धूर निघाला आणि थांबली. "पंप," सुभाष धापा टाकत म्हणाला. सोमीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा गाडीला चिकटला. दुसऱ्यांदा ढकलली. अंगणाचा उतार लागला. उचकी. फट. फट-फट. आणि मग, अहाहा, तो आवाज! बारीक, अडखळत, मग सलग. माझा हात अजून गाडीच्या पाठीवर होता, त्या हातालाच आधी कळलं. बाया ओरडल्या, ताराकाकूंनी दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडली, आणि मी वाटेत दिसला त्या माणसाला मिठी मारली. ते नाना निघाले.

आता किंमत. इंजिन चालू ठेवून वैशाली खाली उतरली आणि सगळे गोल करून उभे राहिले. चालत्या गाडीची किंमत वेगळी असते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी तर मनात शब्द जुळवत होतो, हप्त्याने चालेल का, मुलीची फी पुढे ढकलता येईल का. नाना टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "बाई, दसऱ्यापास्नं मी देवीला रोज एकच विचारीत व्हतो, काय चुकलं ते सांग. आज तुमी येऊन सांगितलं. आता त्याचे पैशे लावू का मी तुम्हाला? सांगितला तोच भाव."

"आन् बंद गाडीचा भाव लावताना तुमीच जास्त लावला व्हता," काकू म्हणाल्या.

"तू गप गं," नाना म्हणाले, पण आता ते हसत होते. त्यांची एकच अट होती. राहिलेली फेरी पुरी करायची. म्हणून निघताना आम्ही गाडी आधी वेशीपाशी देवीच्या देवळासमोर नेली. मी उतरायला म्हणून किल्लीकडे हात नेला तर नाना मागून ओरडले, "बंद करू नका हो, बंद करू नका! देवीला चालूच दाखवा!"

किती वर्षं झाली? मोजत नाही. इतकंच सांगतो की लाल रंग आता थोडा विटला आहे, सुभाषने पंप एकदाही विकलेला नाही याचं त्याला अजून दुःख आहे, आणि माझी बायको घाटातलं धुकं मला रोज रंगवून सांगते. या दिवसांत तिचा वर्ग अजूनही ओस पडतो. गाडीच्या मागच्या सीटवर बागेवरच्या आयांनी दिलेली द्राक्षाची पिशवी येते, पेठमधल्या आज्यांनी दिलेली नागलीची भाकरी जाते, आणि मधल्यामध्ये निरोप. मी त्याला टपालगाडी म्हणतो. वैशाली म्हणते, टपालाला पत्ता लागतो, यांना नुसतं नाव पुरतं.

सुटकेचा श्वास म्हणजे काय, हे मी इतक्या नाटकांत करून दाखवलं आहे. छाती फुगवायची, खांदे पाडायचे, दीर्घ हुंकार सोडायचा. खरी सुटका तशी येत नाही हे मला त्या रविवारी कळलं. ती घाबरत घाबरत येते. माणसाचा तिच्यावर विश्वास बसत नाही.

कारण देवळापासून निघालो ते मी गाडी चालवत होतो आणि माझी नजर रस्त्यावर कमी, काट्यांवर जास्त. गाडी बंद पडू द्यायची नाही, एवढा एकच विचार. सुभाष व्हॅन घेऊन पुढे निघून गेला होता. गतिरोधकावर मी श्वास रोखत होतो. शेजारी वैशाली खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. इतकी गप्प की मला वाटलं, झोपली. नाशिकच्या अलीकडे पेट्रोलचा काटा तळाला टेकला आणि पंपावर वळणं भाग पडलं.

पंपावरच्या बाईंनी नळी हातात घेतली आणि म्हणाल्या, "गाडी बंद करा."

"ताई, तशीच नाही का भरता येणार?"

"सर, नियम आहे. बंद करा."

"म्हणजे काय आहे की ती जरा..."

"बंद करा हो," वैशाली म्हणाली.

मी किल्ली फिरवली. ती शांतता मला अजून ऐकू येते. पेट्रोल पडल्याचा आवाज, मागच्या गाडीचा हॉर्न. पैसे दिले. झाकण लागलं. मी किल्लीवर हात ठेवला आणि ती मला फिरवेना. वैशालीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर काचेकडे बघत होती, आणि मांडीवर दोन्ही हातांत मोबाइल घट्ट धरून बसली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती झोपली नव्हती. निफाडपासून ती याच क्षणाची वाट बघत होती. मेलेली बॅटरी वाटेत भरली असेल का? धक्क्याने तर कुठलीही गाडी सुरू होईल. घाटात धक्का मारायला कोण येणार?

मी किल्ली फिरवली. एक खर्र. आणि गाडी सुरू झाली. साधी, रोजची असल्यासारखी.

मी गाडी पंपाबाहेर काढून कडेला घेतली. वैशालीने मोबाइल कानाला लावला.

"मावशी, मी वैशाली. हो, शाळेतली. तुमची ती खोली, ती आता दुसऱ्या कुणाला देऊन टाका." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. ती म्हणाली, "नाही, नाही, खोली चांगलीच आहे हो. पण मी घरी जाते."